मी रागीट, की मी रागावलेय? मस्कतच्या काठावरून स्पॅनिशचा पहिला धडा



नवी भाषा शिकायला बसलं की पुस्तकाच्या पहिल्या पानावर काय भेटतं? टेबल, खुर्ची, सफरचंद, मांजर. पण परमुलखात सफरचंदासाठी भाषा लागत नाही. दुकानात बोट दाखवलं की सफरचंद पिशवीत पडतं. "मी दमलेय", "मला भीती वाटतेय", "आज मला कोणाशी बोलावंसं वाटत नाही" हे मात्र बोटानं दाखवता येत नाही. उतारवयात उलपानच्या बाकावर बसून ज्यांनी हिब्रू गिरवली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून या लेखात एकच विषय घेतला आहे. मनाची आणि शरीराची आत्ताची अवस्था परक्या भाषेत सांगायची कशी? उदाहरण घेतलं आहे स्पॅनिशचं, आणि धडा गिरवायला आपण जाणार आहोत ओमानला, मस्कत शहरात.

मस्कतच का?

अरबी समुद्राच्या एका काठावर आपला जुना कुलाबा जिल्हा, म्हणजे आताचा रायगड. समोरच्या काठावर ओमान. मुंबईहून विमानानं अडीच-पावणेतीन तास. कोकणातली कितीतरी माणसं पोटापाण्यासाठी "गल्फ"ला गेली, त्यातली बरीच मस्कतला. तिथं महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती-दिवाळी होते, रुवी भागात भारतीय दुकानं आणि खाणावळी आहेत.

आता म्हणाल, मस्कतचा आणि स्पॅनिशचा काय संबंध? थोडा इतिहास बघू या. पोर्तुगीजांनी १५०७ साली मस्कत घेतलं आणि १६५० पर्यंत ते त्यांच्या ताब्यात होतं. आपल्या बाजूला रेवदंडा, चौल, कोर्लई इथंही तेच होते, थेट १७४० पर्यंत. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा बसलेला होता. मस्कतच्या बंदरावर आजही दिसणारे जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले पोर्तुगीजांनी १५८०च्या दशकात उभारले, तेव्हा राजा होता स्पेनचा दुसरा फेलिपे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश तर सख्ख्या बहिणी.

ओमानच्या पैशातसुद्धा स्पेन आणि हिंदुस्थान शेजारी शेजारी बसले आहेत. तिथलं नाणं रियाल. हा शब्द आला "रेआल" या जुन्या स्पॅनिश-पोर्तुगीज नाण्याच्या नावावरून, अर्थ "राजाचा". एका रियालचे हजार बैसा होतात, आणि बैसा म्हणजे आपला पैसा! १९७० पर्यंत तर ओमानात आपल्या रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी १९५९ साली काढलेला रुपया चालत होता.

आपल्या लोकांशीही या बंदराचं नातं आहे. बगदादचा पाशा दाऊद याच्या जाचाला कंटाळून काही यहुदी कुटुंबं १८२८ साली मस्कतला आली, असं वेलस्टेड नावाच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. तो १८३५ साली ओमानात हिंडला होता. त्याच जाचापायी बगदाद सोडलेले डेव्हिड ससून पुढे १८३२ च्या सुमारास मुंबईत पोचले, हे आपल्याला माहीत आहेच.

असं हे अनेक भाषांचं बंदर. आजही मस्कतच्या रस्त्यावर अरबी, बलुची, स्वाहिली, हिंदी, मल्याळम, बंगाली, इंग्रजी असं सगळं कानावर पडतं. देशात राहणाऱ्या दर पाच माणसांत सुमारे दोन परदेशी आहेत. तेव्हा "मी कसा आहे" हे दुसऱ्याच्या भाषेत सांगायची गरज तिथं रोजची.

आता समजा, रुवीत एका फ्लॅटमध्ये एक मराठी कुटुंब राहतं. वडील बांधकामावर सुपरवायझर, आई शिक्षिका, ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आजी, आणि दहा वर्षांची नात. नात फोनवर हौसेनं स्पॅनिश शिकते आहे. या चौघांना सोबत घेऊन आपण धडा सुरू करू.

दोन प्रकारचं "आहे"

फोन नातीला विचारतो, "कोमो एस्तास?" म्हणजे "तू कशी आहेस?" आजीसारख्या वडीलधाऱ्या माणसाला विचारायचं तर "कोमो एस्ता उस्तेद?" आपल्या "तुम्ही कशा आहात?" सारखं. इथवर सोपं.

उत्तर देताना मात्र नात अडते. स्पॅनिशमध्ये "आहे" साठी दोन क्रियापदं आहेत: सेर आणि एस्तार. "मी" साठी त्यांची रूपं होतात सॉय आणि एस्तॉय.

मी कोण आहे, कुठल्या गावची, काय स्वभावाची, हे सांगायला सॉय. "मी भारतीय आहे", "मी शिक्षिका आहे", "मी उंच आहे" ही सगळी वाक्यं सॉयनं सुरू होतात.

मी आत्ता कशी आहे, हे सांगायला एस्तॉय. वडील घरी येऊन सोफ्यावर पडतात: "एस्तॉय कान्सादो", मी दमलोय. आई म्हणेल "कान्सादा", कारण मराठीसारखंच इथंही बाईमाणसाचं रूप वेगळं. पुढचे शब्द पाठ करायला सोपे आहेत:

एस्तॉय कोन्तेन्ता: मी खुशीत आहे.
एस्तॉय त्रिस्ते: मला वाईट वाटतंय. (हा शब्द बाई-पुरुष दोघांना सारखाच.)
एस्तॉय एन्फेर्मा: मी आजारी आहे.
एस्तॉय प्रेओकुपादा: मी काळजीत आहे.
एस्तॉय सोला: मी एकटी आहे.

पुरुषानं बोलताना शेवटच्या "आ"चा "ओ" करायचा: कोन्तेन्तो, एन्फेर्मो, सोलो.

क्रियापद बदललं की काय होतं, त्याची गंमत बघा. "एस्ता आबुर्रिदो" म्हणजे तो कंटाळलाय. "एस आबुर्रिदो" म्हणजे तो कंटाळवाणा आहे! "एस्ता लिस्ता" म्हणजे ती तयार आहे, "एस लिस्ता" म्हणजे ती हुशार आहे. स्पेनमध्ये "एस्ता मालो" म्हणजे त्याला बरं नाही, आणि "एस मालो" म्हणजे माणूसच वाईट. शब्द तोच. "आहे" बदललं आणि आजाऱ्याचा दुर्जन झाला.

शिक्षक सोपा नियम सांगतात: कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. सुरुवातीला पुरतो, पण सगळीकडे चालत नाही. "मस्कत ओमानमध्ये आहे" याला एस्तार लागतं, आणि मस्कत काही उद्या हलणार नाही. "तो मेलेला आहे" यालाही एस्तार, आणि मरणाइतकं कायमचं दुसरं काय? उलट "मी तरुण आहे" याला सेर, आणि तारुण्य किती टिकतं ते आजी-आजोबांना विचारा. म्हणून नियम जरा बदलून लक्षात ठेवावा. ओळख सांगायची तर सेर. ठिकाण सांगायचं, किंवा काहीतरी होऊन आलेली अवस्था सांगायची तर एस्तार.

आजी-आजोबांसाठी एक खास वाक्य. कोणी छान कपडे घालून हसतमुख आलं की म्हणतात, "एस्तास खोवेन!" म्हणजे "आज अगदी तरुण दिसतेयस!" वयाचा दाखला सेरकडे राहू दे. आजचा दिवस एस्तारचा.

आपल्यापैकी अनेकांना ही वाक्यं ओळखीची वाटत असतील. १९९०च्या दशकाच्या अखेरीस इस्राएलमध्ये अर्जेंटिनाच्या मालिकांची लाट आली होती. "मुन्येका ब्रावा" घराघरांत पाहिली जायची, आणि खाली हिब्रू अक्षरं वाचता वाचता मुलं स्पॅनिश शिकून गेली. त्या मालिकांत रडणं, रागावणं, घाबरणं हेच दिवसभर चालायचं. म्हणजे ती मुलं सफरचंदाच्या आधी भावनाच शिकली!

मराठीत भूक "लागते" आणि राग "येतो"

आता आजी जेवणाच्या टेबलाशी येते आणि म्हणते, "मला भूक लागलीय." नात फोनमध्ये बघून सांगते, "आजी, स्पॅनिशमध्ये 'तेंगो आम्ब्रे' म्हणतात." शब्दशः अर्थ "माझ्याजवळ भूक आहे". तसंच तेंगो सेद (तहान), तेंगो फ्रीओ (थंडी), तेंगो स्वेन्यो (झोप), तेंगो म्येदो (भीती). हे सगळं स्पॅनिश माणसाच्या खिशात असतं म्हणायचं!

हिब्रूत आपण म्हणतो "अनी रएव", मी भुकेला. अरबीत "अना जौआन", तेही मी भुकेला. मराठीत मात्र भूक आपणहून येऊन लागते. तहान लागते, झोप येते, राग येतो, कंटाळा येतो, आठवण येते, थंडी वाजते, भीती वाटते, आनंद होतो. आणि आलेलं जातंही. राग जातो, ताप उतरतो, झोप उडते, भीती मोडते. आपल्या भाषेत या साऱ्या अवस्था पाहुण्यासारख्या आहेत. दार वाजवून येतात, बसतात, निघतात. घर त्यांचं होत नाही.

हिब्रूतही असा प्रकार आहे. "कार ली" म्हणजे मला थंडी वाजतेय, "खाम ली" म्हणजे मला उकडतंय, "मेशअमेम ली" म्हणजे मला कंटाळा आलाय. या "ली"मध्ये आपला "मला" बसला आहे. स्पॅनिशमध्येही "मे द्वेले ला काबेसा" म्हणजे "मला डोकं दुखतंय", अगदी हिब्रूच्या "कोएव ली हा-रोश" सारखं. आणि "मे गुस्ता एल काफे" म्हणजे "मला कॉफी आवडते". इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला हे वाक्य उलटं वाटतं, कारण इंग्रजीत "मी आवडवतो" असा थाट आहे. मराठी माणसाला ते आयतंच सरळ लागतं. तेव्हा आजीनं घाबरू नये. स्पॅनिशचा अर्धा धडा तिला घरूनच येतो.

बरं, मराठीत सेर आणि एस्तार नाहीत का? आहेत, फक्त त्यांना नावं नाहीत. "मुलगा रागीट आहे" आणि "मुलगा रागावलाय". "मुलगी रडकी आहे" आणि "मुलीला रडू आलंय". "बाई भित्री आहे" आणि "बाई घाबरलीय". पहिलं वाक्य माणसावर शिक्का मारतं. दुसरं वाक्य आजच्या दिवसाबद्दल बोलतं. आपण बोलताना "दमलो आहे"चं "दमलोय" करतो ना, त्या शेवटच्या "य"मध्ये मराठीचं एस्तार लपलंय असं समजा. "मी दमतो" म्हणजे नेहमीचंच. "मी दमलोय" म्हणजे आत्ताचं.

अरबीतला "आन" आणि हिब्रूतला "आन"

वडिलांना कामावर थोडं अरबी लागतं. दमलेला म्हणजे "तअबान". भुकेला "जौआन", तहानलेला "अत्शान", झोप आलेला "नअसान", रुसलेला "ज़अलान", आनंदात असलेला "फरहान". गावागणिक उच्चार थोडा बदलतो, पण साचा तोच. शेवटी "आन". बाईसाठी "तअबाना", "अत्शाना". अरबी व्याकरणात हा साचा मुख्यतः भरून आलेल्या आणि ओसरून जाणाऱ्या अवस्थांसाठी वापरतात. म्हणजे अरबांनी एस्तारचं काम शब्दाच्या शेपटीकडे सोपवलं.

या साच्यातला एक शब्द आपण रोज मराठीत वापरतो, ओळखा बघू? "हैराण"! मूळ अरबी "हैरान", गोंधळून गेलेला. तो फारसीतून आपल्याकडे आला. "उन्हानं हैराण झालो" म्हणणारा कोकणातला माणूस न कळत अरबी व्याकरण बोलत असतो.

आता हिब्रू जाणणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. हिब्रूतही शेवटी "आन" येतो, पण त्याचं काम उलटं. "बतलान" म्हणजे आळशी, "कमत्सान" म्हणजे कंजूष, "बयशान" म्हणजे लाजाळू. हे सगळे स्वभाव! अरबीत "आन" म्हणजे आजचा दिवस, हिब्रूत "आन" म्हणजे जन्माची सवय. त्यातही सावध राहावं असा शब्द "सकरान". हिब्रूत सकरान म्हणजे चौकस, जिज्ञासू. अरबीत सकरान म्हणजे दारू प्यालेला. मस्कतच्या दुकानात आपल्या नातवाचं कौतुक करताना हा शब्द चुकूनही काढू नये.

वस्तूंची नावं मात्र सहज फिरतात. पोर्तुगीजांनी आपल्याला पाव, बटाटा, चावी, पगार असे कितीतरी शब्द दिले. पगाराशी जुळणारं "पागार" हे क्रियापद स्पॅनिशमध्येही आहे, अर्थ पैसे देणे. कोर्लई गावात तर पोर्तुगीजपासून झालेली एक बोलीच अजून बोलली जाते. गावकरी तिला "नॉ लिंग", आमची भाषा, म्हणतात. पण मराठीनं पोर्तुगीजकडून घेतलेला भावनेचा शब्द पटकन आठवत नाही. भावनेचा शब्द उसना घ्यायला माणसं फार जवळ यावी लागतात.

तशी जवळ आलेली माणसं स्पेनमध्ये होती. तिथं शतकानुशतकं अरबी बोलली जात होती, आणि यहुदी लोकही ती बोलत-लिहीत होते. "असं होवो!" या अर्थाचा स्पॅनिश शब्द "ओखाला" हा अरबीतून, "अल्लाची इच्छा असेल तर" या अर्थाच्या बोलातून आला. मस्कतमध्ये तासातासाला कानावर पडणाऱ्या "इन्शाल्ला"चा हा दूरचा भाऊ. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी आपली स्पॅनिश बरोबर घेऊन गेले, तीच लादिनो. लादिनोत "एस्तो हासिनो" म्हणजे "मी आजारी आहे". हा "हासिनो" म्हणजे अरबी "हझीन", आणि हझीनचा अर्थ दुःखी! दुःखाचा शब्द प्रवास करता करता दुखण्याचा झाला. ज्यांच्या शेजारी लादिनो बोलणारी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी हा शब्द जरूर विचारून बघावा.

सगळ्याला एकच शब्द?

आता जरा गंभीर बोलू या. आखातात कामाला आलेल्या लाखो माणसांना शाळेतलं अरबी शिकायला वेळ नसतो. त्यांची एक मोडकीतोडकी कामचलाऊ अरबी तयार झाली आहे. ओमानच्या अल बुरैमी शहरातल्या आशियाई कामगारांच्या अशा बोलीवर २००८ साली नॉर्वेच्या ओस्लो विद्यापीठात एक प्रबंधही झाला. या बोलीत "अना तअबान" च्या मध्ये बरेचदा "फी" घालतात: "अना फी तअबान". खऱ्या अरबीत वर्तमानकाळी "आहे" लागतच नाही, हिब्रूसारखंच. पण आपल्याकडच्या माणसांना "आहे" शिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नसावं! नकारासाठी "माफी". बाई-पुरुष, एक-अनेक हे भेद बहुतेक गळून पडतात.

कामापुरती ही बोली उत्तम. विटा आण, पाणी दे, उद्या ये, पैसे किती. मनाच्या बाबतीत मात्र ती अडते. दमलेल्याला "तअबान", आणि आखाताच्या रोजच्या बोलण्यात बरं नसलेल्यालाही "तअबान". छातीत दुखणारा, घरची आठवण येऊन रात्रभर जागलेला, आणि नुसताच उन्हानं थकलेला, तिघंही डॉक्टरसमोर "अना तअबान" म्हणाले, तर डॉक्टरनं ओळखायचं कसं? थकलेल्याला विश्रांती पुरते. छातीत दुखणाऱ्याला ताबडतोब तपासणी हवी. जागलेल्याला कोणीतरी बोलणारं हवं.

हे फक्त मस्कतच्या मजुराचं नाही. आपले वडीलधारे दवाखान्यात गेले की काय सांगतात? "बरं वाटत नाही." मराठीतलं हे वाक्यही "तअबान" सारखंच पोटात सगळं घेणारं. ताप असो, चक्कर असो, की मुलाचा महिनाभर फोन आलेला नसो. म्हणून निदान तीन शब्द तरी प्रत्येकानं वेगळे पाठ करावेत:

दमलोय: हिब्रूत आयेफ (बाईसाठी आयेफा), स्पॅनिशमध्ये कान्सादो, अरबीत तअबान.
आजारी आहे: हिब्रूत खोले (खोला), स्पॅनिशमध्ये एन्फेर्मो, अरबीत मरीद.
मन उदास आहे: हिब्रूत आत्सुव (आत्सुवा), स्पॅनिशमध्ये त्रिस्ते, अरबीत हझीन.

आणि चौथं, शरीराच्या दुखऱ्या जागेवर हात ठेवून "इथं". ते सगळ्या भाषांत चालतं.

तिसऱ्या शब्दाची आपल्या पिढीला लाज वाटते. "मन उदास आहे" असं डॉक्टरला काय सांगायचं, असं वाटतं. पण ज्यांनी आयुष्यात एकदा देश बदललाय त्यांना या शब्दाची गरज इतरांपेक्षा थोडी जास्तच पडते. मनाचं दुखणं डोकेदुखी म्हणून, पाठदुखी म्हणून, भूक न लागणं म्हणूनही येतं. शब्द हाताशी असला तर मदत करणाऱ्याला वाट सापडते.

"करमत नाही"

रुवीच्या घरात आजीला येऊन महिना झाला. सगळं घरात आहे, एसी आहे, टीव्हीवर मराठी चॅनेल आहे. तरी ती खिडकीशी बसून म्हणते, "मला इथं करमत नाही गं."

नातीनं हे वाक्य स्पॅनिशमध्ये कसं सांगावं? कंटाळा म्हणावं तर तेवढंच नाही. दुःख म्हणावं तर तेही नाही. आजारी तर ती नाहीच. "करमणे" या एका शब्दात आपल्या भाषेनं परगावी गेलेल्या माणसाची सगळी अवस्था भरली आहे. सासरी आलेल्या मुलीला करमत नाही, हॉस्टेलवरच्या मुलाला करमत नाही, सोबती गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाला करमत नाही.

तरी स्पॅनिशमध्ये याच्या जवळ जाणारं एक वाक्य सापडतं. "नो मे आयो." शब्दशः "मी मला सापडत नाही". एखाद्या ठिकाणी जीव रमत नसला की असं म्हणतात. आणि हिब्रूत? "अनी लो मोत्सेत एत आत्समी", पुरुष असेल तर "लो मोत्से". तेच! मी माझी मला सापडत नाही. कोकणातून निघालेली म्हातारी, मेक्सिकोच्या खेड्यातून शहरात आलेली बाई आणि बीरशेबाच्या फ्लॅटमधले आजोबा, तिघंही एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत.

इथं आपल्याला पहिला धडा कामाला येतो. आजी "मला करमत नाही" म्हणते, तेव्हा ती आत्ताबद्दल, इथल्याबद्दल बोलते आहे. एस्तार! आपण घरातली माणसं मात्र पटकन सेर करून टाकतो. "आजीचं नेहमीचंच आहे", "आजोबा किरकिरे झालेत", "ती तशीच आहे". अवस्थेचा स्वभाव केला की मग कोणी काही करायला जात नाही, कारण स्वभावाला औषध नाही अशी आपल्याकडे म्हणच आहे. अवस्थेला मात्र उपाय असतो. संध्याकाळी मत्रहच्या समुद्रकाठी एक फेरी, ठाण्याला एक फोन, मंडळातल्या दोन समवयस्क बायकांची ओळख. करमायला लागतं.

मुलांच्या बाबतीतही हेच. शाळेतून तोंड पाडून आलेल्या मुलाला "रडका कुठला" म्हटलं की तो ते नाव घेऊन मोठा होतो. "तुला रडू आलंय का? काय झालं?" असं विचारलं की तो सांगायला लागतो. आणि म्हाताऱ्या माणसांनी स्वतःबद्दल बोलतानाही हे पाळावं. "मी आता निकामी" हे सेर झालं. "आज गुडघे दुखताहेत" हे एस्तार. दोन्हींत फार फरक आहे. दुसऱ्या वाक्यावर निदान तेल तरी चोळता येतं.

आजी-आजोबा आणि नातवंडांसाठी खेळ

शब्बाथच्या दुपारी जेवण झाल्यावर खेळायला हा खेळ सोपा आहे. वही-पेन्सिल लागत नाही.

एकानं तोंडानं आणि हातानं एखादी अवस्था करून दाखवायची: दमलेला, घाबरलेला, भुकेला, रुसलेला, खुशीतला. बाकीच्यांनी ती ओळखून आधी मराठीत सांगायची, मग हिब्रूत, मग येत असेल त्या तिसऱ्या भाषेत. आजी-आजोबांना मराठीचे दोन गुण, नातवंडांना हिब्रूचा एक. मराठी शब्द नातवंडानं सांगितला तर त्याला तीन! स्पॅनिश किंवा अरबी आलं तर एक बक्षीस गुण.

नियम एकच. "तो रागीट आहे" असं उत्तर चालणार नाही. "तो रागावलाय" असंच म्हणायचं.

दुसरी फेरी जरा मोठ्यांची. प्रत्येकानं आपली आजची अवस्था एका वाक्यात खरी खरी सांगायची. "मला मजा येतेय" चालेल. "मला झोप येतेय" चालेल. "मला करमत नाही" हेसुद्धा चालेल. ते कोणी म्हणालं, तर खेळ तिथंच थांबवून त्याच्याजवळ जाऊन बसायचं.

स्पॅनिश येणारे शेजारी अश्दोद-बीरशेबाकडे आपल्यापैकी अनेकांना आहेत, अर्जेंटिनाहून आलेले. उद्या जिन्यात भेटले तर विचारून बघा, "कोमो एस्ता उस्तेद?" उत्तर बहुधा "ब्येन, ग्रास्यास" असंच येईल, म्हणजे "बरी आहे, आभारी आहे". पण कधी त्या बाईंनी "एस्तॉय सोला" म्हटलं, तर त्याचा अर्थ आता तुम्हाला कळेल. चहा टाका.